उशी बांधली असेल

डोहाळजेवण दादरच्या एका लहानशा हॉलमध्ये होतं. मामेबहिणीची सून. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस राहिलेले, त्यामुळे बहिणीनं कशालाच हात आखडता घेतला नव्हता. हिरवी साडी, मोगरा-शेवंतीची वाडी, फुलांनी मढवलेला झोपाळा, पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या, सगळं यथासांग. पंगतीत माझ्या शेजारी नात्यातल्याच एक काकू बसल्या होत्या. चांगल्या बाई आहेत, अडीनडीला पहिल्या धावून येणाऱ्या. मसालेभातावर तूप वाढून घेता घेता, माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, ‘सातवा म्हणतात. पण पोट बघ. आणि हात लावू देत नाही कुणाला. उशी बांधली असेल.’ आणि मग त्याच आवाजात, ‘मठ्ठा छान झालाय.’

मी ‘हं’ म्हटलं. म्हणजे नेमकं काय म्हटलं, ते मलाही ठाऊक नाही. त्या घरात डॉक्टरांच्या खेपा किती झाल्या, इंजेक्शनं किती झाली, दोनदा काय होऊन गेलं, हे मला बहिणीकडून अक्षरन् अक्षर माहीत होतं. एवढंच काकूंना सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण ते सांगणं म्हणजे त्या मुलीच्या पोटाची आणखी चर्चा, असं काहीतरी मनाशी जुळवून मी गप्प बसले. खरी बोच मात्र त्याचीही नाही. जेवणं झाल्यावर मी तिची ओटी भरायला गेले. तांदूळ, नारळ, खण ओटीत घालताना माझी नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती. निऱ्या जिथे वर चढल्या होत्या तिथे होती. मी बघत होते. मला सगळं माहीत असूनही.

त्या रात्री मला एक पितळी भांडं आठवलं.

भाचीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा एका खेड्यातल्या जुन्या पबच्या भिंतीवर ते शोभेला टांगलेलं पाहिलं होतं. हातभर लांब लाकडी दांडा आणि त्याला मोठ्या डोशाच्या तव्याएवढा, झाकणाचा, बिजागरीवर उघडणारा पितळी डबा. झाकणावर नक्षीची भोकं. त्यात निखारे भरायचे आणि थंडगार अंथरुणावरून इस्त्रीसारखं फिरवायचं. माझ्या डोळ्यांपुढे लगेच आमच्याकडची बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी आली, ओव्याचा आणि बाळंतशेपाचा धूर आला. मी हळूच झाकण उचललं आणि दोन्ही हातांचे तळवे आत ठेवून पाहिले. यात नुकतं जन्मलेलं मूल मावेल? गुडघे पोटाशी घेतलेलं, गुंडाळलेलं, न रडणारं? मावलं तर जेमतेम. झाकण काही लागणार नाही. भाची म्हणाली, ‘अगं मावशी, लोक बघतायत.’ पण तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी अर्धं लंडन ह्याच भांड्याचं माप काढत होतं. कारण १० जून १६८८ च्या सकाळी राणीच्या खोलीत असंच एक भांडं नेलं होतं, आणि लोकांचं म्हणणं होतं की राजपुत्र त्यातून आला.

राणी म्हणजे मेरी, इटलीतल्या मोडेनाची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन लंडनला आली तेव्हा नवरा चाळिशीचा, बिजवर आणि कॅथलिक असल्याचं नुकतंच उघड झालेला. हा नवरा म्हणजे दुसरा जेम्स. तो राजा होण्याच्या आधीच तिची चार मुलं वारली होती. एक मुलगा तर महिनाभर जगला. १६८७ साली जेम्स वेल्समधल्या होलीवेलला संत विनिफ्रेडच्या झऱ्यावर जाऊन आला, राणी बाथच्या गरम पाण्यात उतरून आली, आणि हिवाळ्यात कळलं की दिवस गेलेत. आपल्याकडे याला नवसाचं पोर म्हणतात आणि पेढे वाटतात. तिथे प्रोटेस्टंट प्रजेला नेमकी त्या नवसाचीच धास्ती वाटली. जेम्स म्हातारा होत चाललेला, त्याच्या मागून पहिल्या बायकोच्या मुली मेरी आणि अ‍ॅन, दोघीही प्रोटेस्टंट. चार वर्षं कळ काढायची की हा काळ सरला, असा हिशेब लोकांनी घातला होता. आता मुलगा झाला तर तो कॅथलिक राजा, त्याचा मुलगा कॅथलिक राजा, आणि मग फ्रान्सच्या चौदाव्या लुईसारखी मनमानी. ‘लाकडी जोडे’ हा त्यांचा खास शब्द होता. कॅथलिक राजवटीत रयतेच्या पायात कातडी जोडे राहत नाहीत, फ्रान्सच्या शेतकऱ्यासारखे लाकडी येतात.

म्हणून मूल नको होतं. आणि जे नको असतं ते खोटं ठरवणं सोपं.

पण हे त्या एका पोटापासून सुरू झालेलं नाही. त्याच्या मागे आणखी एक पोट आहे, आणि त्याचा मुंबईशी सरळ संबंध आहे. आपण शाळेत एक ओळ पाठ केलेली असते, मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात आंदण गेलं. त्या राजकन्येचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा १६६२ साली जेम्सच्या थोरल्या भावाशी, दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून इंग्लंडला गेली. कॅथलिक असल्यामुळे तिला अँग्लिकन विधीनं राज्याभिषेक करून घेता येईना, म्हणून राणी असून तिच्या डोक्यावर कधी मुकुट चढला नाही. करारात मात्र लिहिलं होतं की मुंबईतल्या लोकांना आपला कॅथलिक धर्म पूर्वीसारखाच पाळता येईल. म्हणजे माहीमच्या कोळीवाड्यातल्या माणसाला जी मोकळीक कागदावर मिळाली, ती त्याच कागदानं इंग्रज राजाच्या स्वतःच्या प्रजेतल्या कॅथलिकाला नव्हती. चार्ल्सला मुंबईचा खर्च परवडेना. १६६८ मध्ये त्यानं ते बेट वर्षाला दहा पौंडांच्या भाड्यानं कंपनीला देऊन टाकलं. बायको मात्र त्यानं टाकली नाही. त्याला इतर बायकांपासून डझनभर मुलं, ती सगळी त्याची म्हणून मान्य केलेली, आणि कॅथरिनचं प्रत्येक गर्भारपण मध्येच निखळलेलं. घटस्फोट घ्या, म्हणून दरबारी त्याच्या मागे लागले. त्यानं ऐकलं नाही.

तिच्या रिकाम्या पाळण्यापाशी इंग्लंडचं राजकारण अडून बसलं. कॅथरिनला मूल नाही, म्हणून वारस जेम्स, आणि जेम्स कॅथलिक. १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या एका अट्टल थापाड्यानं शपथेवर सांगितलं की जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका पंथाचे पाद्री, राजाला मारायला टपलेत. नंतर तो थेट राणीवर घसरला. ती स्वतःच्या वैद्याकरवी राजाला विष घालणार आहे म्हणे! वैद्य निर्दोष सुटला, राणीला राजानं पाठीशी घातलं, पण ओट्सच्या शब्दावर कितीतरी निरपराध माणसं फासावर गेली. त्याच सुमारास छापखान्यांवरचा परवान्याचा कायदा संपला आणि चोपड्यांचा पूर आला. दर १७ नोव्हेंबरला, पहिल्या एलिझाबेथच्या गादीवर बसण्याच्या दिवशी, लंडनमध्ये पोपच्या पुतळ्याची मिरवणूक निघायची आणि शेवटी तो जाळायचे. एका वर्षी पुतळ्याच्या पोटात जिवंत मांजरं कोंडली होती, म्हणजे जळताना पोप ओरडल्यासारखा वाटावा. हे वाचल्यापासून मला होळीची बोंबही नीट ऐकवत नाही, हे उगाच सांगून टाकते.

पार्लमेंटात जेम्सला वारसाहक्कातून वगळायची विधेयकं १६७९ ते १६८१ मध्ये तीनदा आली. दोन्ही पक्षांना नावं पडली ती शिव्यांमधून. व्हिग म्हणजे स्कॉटलंडचे कडवे बंडखोर, टोरी म्हणजे आयर्लंडचे दरोडेखोर. व्हिग म्हणत, राजा प्रजेच्या धर्माचा शत्रू असेल तर नुसत्या रक्तावर गादी मिळत नाही. टोरी म्हणत, वारस देव ठरवतो. आज राजाच्या भावाला हात लावाल तर उद्या राजाची मान उतरवाल, १६४९ साली उतरवली तशी. दोन्हीकडचे लोक मेलेल्यांची भीती घालत होते. एक जण आधीच्या शतकातल्या कॅथलिक राणीनं, मेरी ट्युडरनं, जाळलेल्या प्रोटेस्टंटांची, दुसरा चार्ल्सच्या बापाची.

या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला चावटपणा सांगते. वारसाला धर्म तपासून गादी द्यावी, जन्म एवढंच प्रमाण पुरत नाही, हा युक्तिवाद इंग्रजीत सर्वांत तपशिलानं मांडला होता तो रॉबर्ट पार्सन्स नावाच्या एका जेझुइटानं. १५९५ साली, ‘डोलमन’ हे टोपणनाव घेऊन, अँटवर्पला छापून. तेव्हा एलिझाबेथला मूल नव्हतं, वारसाबद्दल नुसतं बोलणं गुन्हा होता, आणि पार्सन्सला प्रोटेस्टंट वारसाचा रस्ता अडवायचा होता. ते पुस्तक पकडलं जायचं, त्याच्यावर थुंकलं जायचं. १६८१ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. आता प्रोटेस्टंटांना कॅथलिक वारसाचा रस्ता अडवायचा होता, आणि तलवार तीच, फक्त मूठ दुसऱ्या हातात. ज्या जेझुइटाच्या नावानं पुतळे जळत होते, त्याचंच म्हणणं जाळणाऱ्यांच्या तोंडी. आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये उपविधीचं कलम कोण कधी काढतं ते आठवावं. यात काही परकं नाही.

युक्तिवाद हरला. १६८० साली लॉर्डांच्या सभेनं विधेयक फेटाळलं, पुढच्या वर्षी राजानं पार्लमेंटच आठवड्यात गुंडाळलं, आणि १६८५ साली जेम्स निमूट गादीवर बसला. एवढे ग्रंथ, एवढी भाषणं, एवढी बायबलमधली वचनं, आणि काही झालं नाही. जे या सगळ्यानं झालं नाही ते तीन वर्षांनी एका अंथरूण गरम करायच्या भांड्यानं केलं.

पहिली कुजबुज घरातूनच आली. अ‍ॅन, राणीची सावत्र मुलगी, तेव्हा तेवीस वर्षांची, हॉलंडला बहिणीला पत्रं लिहीत होती. पोट संशयास्पद आहे, ती कुणाला हात लावू देत नाही, कपडे बदलायला आत निघून जाते. म्हणजे आमच्या काकूच. मला तिचा राग यायला हवा होता आणि मी रागानंच वाचायला बसले होते. पण आदल्याच वर्षी, देवीच्या साथीत, अ‍ॅनच्या दोन लहान मुली काही दिवसांच्या अंतरानं गेल्या होत्या. आणि ही पत्रं लिहिण्याच्याच दिवसांत, एप्रिलमध्ये, तिचा गर्भ पुन्हा पडला. एका घरात एक बाई भरलेलं पोट घेऊन हिंडतेय आणि दुसरी रिकामी झालीय. तिला उशी दिसली असेल तर तो केवळ प्रोटेस्टंट धर्म होता, असं आता मला छातीठोकपणे म्हणवत नाही. जूनमध्ये ती प्रकृतीसाठी बाथला होती. म्हणजे ज्या सावत्र मुलीची साक्ष सगळ्यांनी मानली असती, ती प्रसूतीला हजरच नव्हती. प्रोटेस्टंट चर्चचा मुख्य, कँटरबरीचा आर्चबिशप हवा होता, तर राजानं त्याला दोनच दिवस आधी इतर सहा बिशपांसह टॉवरच्या तुरुंगात कोंडलेलं. आणि तो रविवार, त्यामुळे बरेच प्रोटेस्टंट दरबारी चर्चमध्ये.

तरी खोलीत चाळीसहून अधिक माणसं होती. मंत्री, सरदार, दाया, दासी. पलंगाच्या दोन्ही बाजूंचे पडदे उघडे. इतक्या पुरुषांसमोर आपल्याला होणार नाही, म्हणून राणी नवऱ्याला म्हणाली की तुमच्या डोक्यानं आणि टोपानं माझा चेहरा झाका. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. त्या काळचे ते पुरुषी केसांचे टोप, खांद्याखाली येणारे, जूनच्या उकाड्यात घामेजलेले. बाळंतकळा सोसणाऱ्या बाईला आडोसा कसला, तर तो.

मुलगा झाला. आठवड्याभरात शंका, महिन्याभरात चोपड्या. जूनमध्ये निखारे कशाला? पलंगाच्या उशाशी लहान दार होतं, ते कशाला? कुणीतरी सेंट जेम्स राजवाड्याचा नकाशा छापला आणि त्यावर ते भांडं कुठल्या खोलीतून कुठल्या जिन्यानं आलं, हे टिंबटिंबांच्या रेघेनं दाखवलं. हॉलंडच्या चित्रांमध्ये बाळाच्या हातात पवनचक्कीचं खेळणं आलं, म्हणजे हा कुणा पिठाच्या गिरणीवाल्याचा पोर. हेगहून थोरल्या बहिणीनं, मेरीनं, अ‍ॅनला प्रश्नांची यादीच धाडली. कोण कुठे उभं होतं, पडदे कसे होते, मूल येताना कुणी पाहिलं? आपल्याकडे भाऊसाहेबांचा तोतया पुण्यात येऊन उभा राहिला तेव्हाही असेच प्रश्न विचारले गेले असतील. पण तो बिचारा निदान स्वतःच्या तोंडानं उत्तरं देऊ शकत होता. हा तोतया पाळण्यात होता.

शेवटी जेम्सनं, एका राजानं, २२ ऑक्टोबरला सल्लागार मंडळ भरवलं आणि बायकोच्या प्रसूतीचे साक्षीदार उभे केले. चाळीसेक जण. कुणी सांगितलं, मी पोटात मूल हललेलं हातानं अनुभवलं. कुणी अंगावरच्या दुधाचं सांगितलं. मार्गारेट डॉसन नावाच्या बाईनं सांगितलं की भांड्यात निखारे होते, मी डोळ्यांनी पाहिले. सगळं लिहून घेऊन छापलं. आणि ज्यांना पटायचं नव्हतं त्यांना त्या छापील पानांनी नवीन खाद्य मिळालं. खरं असतं तर इतकी सारवासारव कशाला? शिवाय साक्षीदार कोण, कॅथलिक तरी किंवा राजाच्या पगारातले तरी.

त्या साक्षीदारांमध्ये एक नाव आहे, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. राजमाता नव्हे, थोरली वहिनी. चार्ल्सची विधवा. कॅथरिन. तिनं सांगितलं ते दोन ओळींचं आहे. राजाचा निरोप आला तशी मी निघाले, आणि मूल होईपर्यंत राणीजवळून हलले नाही.

मला माझी थोरली मावशी आठवते. तिला मूल झालं नाही. दर बुधवारी माहीमच्या चर्चला जायची, हिंदू असून. बाहेरच्या ठेल्यावरून मेणाचं बाळ घ्यायची, तळहाताएवढं, गुलाबीसर, बोटं चिकटलेली, आणि आत नेऊन वाहायची. किती वर्षं, कुणी मोजलं नाही. घरात कुणाचंही बाळंतपण असो, मावशी आधी हजर. रात्रभर दवाखान्याच्या बाकावर ती, शेगडी पेटवणारी ती, बाळाच्या टाळूला तेल ती जिरवायची. बारशाला मात्र कुणी काही म्हणायच्या आत आपणच मागे सरायची, स्वयंपाकघरात जाऊन घुगऱ्या ढवळत बसायची. माझ्या वेळी तिनं माझा हात धरला होता, तो मूल होईपर्यंत सोडला नव्हता. ओटी भरायला तिला बोलावलं नव्हतं. बोलावलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

कॅथरिन त्या पलंगाशी काय विचार करत बसली असेल? तिची कूस उजवली असती तर जेम्स राजा झाला नसता, ही पोरगी राणी झाली नसती, हे इतके पुरुष इथे नसते. आणि हीच ती बाई, जिच्यावर दहा वर्षांपूर्वी विषाचा आळ आला होता. आता तिनं शपथेवर सांगावं आणि लोकांनी ते मोजूच नये. तरी ती गेली, बोलली, परत आली. चार वर्षांनी इंग्लंड सोडून पोर्तुगालला गेली आणि तिथे पुढे भावाच्या वतीनं काही काळ कारभारही पाहिला.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबरमध्ये जेम्सचा जावई, थोरल्या मेरीचा नवरा विल्यम, हॉलंडहून फौज घेऊन उतरला. त्याच्या जाहीरनाम्यात बाळाच्या खरेपणाची शंका होती. डिसेंबरच्या एका रात्री राणी धोबिणीच्या वेषात, सहा महिन्यांचं बाळ कपड्यांच्या गाठोड्यासारखं छातीशी धरून, थेम्स ओलांडून पळाली. १७०१ च्या कायद्यानं कॅथलिक माणसाला आणि कॅथलिकाशी लग्न करणाऱ्याला गादी बंद झाली, आणि रक्तानं जवळचे पन्नासेक कॅथलिक दावेदार ओलांडून वारसा जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेला. लग्नाची अट २०१५ मध्ये निघाली. राजा स्वतः कॅथलिक असू नये ही आजही आहे. आणि राजघराण्यात बाळंतपण असलं की इंग्लंडचा गृहमंत्री जवळपास थांबायची पद्धत होती, ती थेट १९४८ पर्यंत. १९३० साली राजकन्या मार्गारेटच्या, दुसऱ्या एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीच्या, जन्माच्या वेळी एक मजूर पक्षाचा गृहमंत्री स्कॉटलंडमध्ये कित्येक दिवस वाट बघत मुक्काम ठोकून होता. कारखान्यात लहानपणी राबलेला माणूस तो. काय वाटलं असेल त्याला.

गेल्या महिन्यात बहिणीकडे बारसं झालं. मुलगी. अडीच किलोची, काळ्याभोर केसांची. काकू सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. त्यांनी स्वतः शिवलेली कुंची आणली होती, लाल खणाची, आतून मऊ मलमलचं अस्तर लावलेली, कडेला बारीक मोती. टाके इतके एकसारखे की मशीनचे वाटावेत. या वयात, त्या डोळ्यांनी. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, पाळणाही काकूंनीच धरला, आणि त्यांचा आवाज मध्येच एकदा भरून आला, हे मी पाहिलं. मग पाळण्याभोवती नेहमीची तपासणी सुरू झाली. नाक आईचं, हनुवटी आत्याची. काकू वाकून बघत म्हणाल्या, ‘कान बघ, अगदी आजोबांचे.’

मी वाकले. कुंची जराशी मागे सारली आणि कान पाहिले.